काला झाला तरी मांडव उतरेना

पत्र थोडक्यात: लिहिणारा ३१ वर्षांचा आहे, लातूरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला. धाकटा भाऊ २३ चा, इंजिनिअरिंग झालंय, छत्रपती संभाजीनगरला रूम करून राहतो आणि नोकरी शोधतोय. दोघांच्यात आठ वर्षांचं अंतर, मनमोकळं बोलायला विषय एकच, सुपरहिरोंचे सिनेमे. २०१२ ला पहिला अव्हेंजर्स आला तेव्हा यानेच नऊ वर्षांच्या भावाला हिंदीत डब केलेला दाखवला, तेव्हापासून ते काढणाऱ्या मार्वल कंपनीचा एकही सिनेमा सोडला नाही. आता याला कंटाळा येतोय. २०२५ चे तीन बघितले, त्यात कॅप्टन अमेरिकाला अर्ध्यातच झोप लागली, थंडरबोल्ट्स "बरा होता, शेवटी थोडं आत लागलं", फॅन्टास्टिक फोरचे जुन्या काळाचे सेट भारी वाटले पण घरी येईपर्यंत गोष्ट डोक्यातून गेली. खरं रडू आलं ते २०२३ मधे, गार्डियन्सच्या तिसऱ्या भागात, त्यातल्या रॅकून या प्राण्यासाठी. मग एका रात्री चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर सहज टाकलं की "सगळे एकाच साच्यातले, पोरासोरांचं खेळणं झालंय, आता बास." धाकटा ग्रुप सोडून गेला. तीन आठवडे झाले, फोनवर "जेवलास का" च्या पुढं बोलणं सरकत नाही. आणि १८ डिसेंबर २०२६ ला नवा अव्हेंजर्स, डूम्सडे, त्याचं तर नाव जाहीर झालं तेव्हाच दोघांनी सोबत बघायचं ठरवलेलं. विचारतोय की सिनेमे बिघडले का मीच म्हातारा झालो, डिसेंबरला आवडल्यासारखं करून जाऊ का स्पष्ट सांगून मोकळा होऊ, आणि नाद मीच लावला मग मीच मधे सोडला तर त्याला काय वाटेल.

तू मला ताई म्हणून लिहिलंस म्हणून मी पण सरळ अरेतुरेच करते, चालेल ना.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ग्रुपवर तू लिहिलंस की सगळे एकाच साच्यातले, आणि मला मात्र तीन सिनेमांबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यास. एकात झोपलास, एकाचे सेट आवडले पण गोष्ट राहिली नाही, आणि एक आत लागला. तो थंडरबोल्ट्स का लागला असेल याचा मला अंदाज आहे, त्यात शेवटाला बुक्क्यांनी काही होतच नाही, एका माणसाच्या आतली पोकळी अख्खं शहर गिळायला निघते आणि बाकीचे त्याच्याजवळ जाऊन त्याला घट्ट धरून ठेवतात, बस. ज्याला सुपरहिरो या प्रकाराचाच वीट आलाय त्याला हे लागलं नसतं रे. तो रॅकून बघून डोळ्यात पाणी आलं नसतं. म्हणजे तू ग्रुपवर जे लिहिलंस ते तुझं खरं मत नाहीच, ते दिवसभर ऑफिसात आकडे जुळवून थकलेल्या माणसाचं रात्री साडेअकराचं वाक्य आहे, आणि घरात वाद झाला तो त्या वाक्यावरून. खरं मत तर भावाला अजून तू सांगितलेलंच नाहीस.

आता तुझा पहिला प्रश्न, सिनेमे बिघडले का मी म्हातारा झालो. ३१ म्हणजे काय म्हातारपण नाही, ते सोड. पण आकडे बघ जरा, तू आकड्यांतला माणूस आहेस. २००८ च्या आयर्न मॅनपासून २०१९ च्या एंडगेमपर्यंत अकरा वर्षांत २२ सिनेमे आले, वर्षाला सरासरी दोन. दोन म्हणजे कसं, एक उन्हाळ्यात एक दिवाळीच्या आसपास, सणासारखं. आणि मग एकट्या २०२१ मधे चार सिनेमे आणि वर पाच सिरीज. एका वर्षात! २०२३ चा द मार्व्हल्स नीट कळायचा तर आधीचा कॅप्टन मार्व्हल बघितलेला पाहिजे, वांडाव्हिजन बघितलेली पाहिजे, मिस मार्व्हल बघितलेली पाहिजे, म्हणजे दोन तासांच्या सिनेमासाठी आधी कितीतरी तासांचा अभ्यास. तो सिनेमा त्यांच्या आख्ख्या मालिकेत सगळ्यात कमी चालला. मार्वल ज्यांच्या मालकीची त्या डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२३ मधे स्वतःच कबूल केलं की माल जास्त काढला आणि लक्ष विखुरलं, आणि २०२४ मधे मग मार्वलने एकच सिनेमा आणला. सांगायचं म्हणजे बनवणाऱ्यालाच जे कळलं ते तुला प्रेक्षक म्हणून जाणवलं तर त्यात तुझं वय कुठून आलं. जुलैत रिटर्न, सप्टेंबरात ऑडिट, मार्चएंडला तर घरी यायची वेळ नाही, त्यात परत कुणीतरी म्हणतंय की हे सहा भाग बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मग सिनेमा पण पेंडिंग कामाच्या यादीत जाऊन बसतो. आणि त्या यादीतलं काहीच कुणाला आवडत नसतं.

पण तू जे "सगळं तेच ते" म्हणतोस ना, तिथं मी थोडी अडते. तेच ते असणं हे कंटाळ्याचं कारण असतं असं मला वाटत नाही, आणि हे मी आपल्या भागात वाढले म्हणून म्हणते. आपल्याकडं गावोगावी सप्ताह असतो. नामदेव नर्सीचे, जनाबाई गंगाखेडची, नाथ पैठणचे, यांच्या गोष्टी आपल्या आज्यांना पाठ होत्या, विंचू चावल्याचं भारूड तर लहान पोरांना पण पुढची ओळ माहीत असते, तरी माणसं सात रात्री येऊन बसतात आणि त्याच जागी हसतात त्याच जागी डोळे पुसतात. का येतात? कारण सांगणारा समोरच्या माणसांकडं बघून सांगत असतो, भारुडात मधेच सोयाबीनचा भाव येतो, गावातल्या लग्नाचा खर्च येतो, म्हणजे गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची आणि चावलेला विंचू आत्ताचा. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सप्ताह संपतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, काला वाटतात, पंगत उठते, माणूस प्रसाद घेऊन घरी जातो आणि संध्याकाळी मांडववाला बांबू काढायला लागतो. पुढच्या वर्षीपर्यंत सुट्टी.

एंडगेम हे काल्याचं कीर्तन होतं. तीन तासांचा सिनेमा, तुझा भाऊ तेव्हा नुकती दहावीची परीक्षा देऊन बसलेला, तू लिहिलंयस की दोघं पहाटेच्या ट्रॅव्हल्सने गेला होतात आणि थेटरात अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. तिथं गोष्ट पुरी झाली, टोनी म्हणजे आयर्न मॅन गेला, म्हातारा झालेला कॅप्टन बाकावर बसला, प्रसाद वाटून झाला. पण मांडव कुणी उतरवलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून परत माईकवर चालू, बसा बसा, अजून आहे. माणूस पोट भरून उठलेला असताना त्याला परत पंगतीत बसवलं तर अन्न वाईट नसलं तरी घास फिरतो. तुझं हे झालंय. रॅकूनच्या सिनेमात तू रडलास त्याचं कारण पण मला हेच वाटतं, त्या टोळीची गोष्ट तिथं खरोखर संपवली, प्रत्येकजण आपापल्या वाटेला गेला.

आणि मरणाचं काय करून ठेवलंय बघ. २०१७ च्या लोगनमधे वुल्व्हरिन मेला, त्याच्या थडग्यावरचा क्रॉस त्याच्याबरोबरच्या पोरीने तिरका केला, मला तो शेवट आजपण आठवतो. २०२४ मधे दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरिन घेऊन आले, तोच नट, सिनेमा तुफान चालला, लोकांना मजा आली, मलाही काही ठिकाणी आली खोटं कशाला बोलू. पण आता डूम्सडेत टोनीचं काम केलेला रॉबर्ट डाउनी पण परत येतोय, वेगळं पात्र म्हणून का होईना. एकदा कळलं की गेलेला माणूस पलीकडच्या विश्वातून कधीपण आणता येतो, मग पुढच्या वेळी कुणी मेलं तरी आपण हात आखडूनच बसतो. तू झोपलास त्याच्यामागं हे पण असणार.

आणि लाट येणं, लोकांनी कंटाळणं, हे काय सुपरहिरोंपासून सुरू झालेलं नाही. १९५९ ला सांगत्ये ऐका आला, पुण्यात १३१ आठवडे चालला, आणि मग काय, फड, पाटील, फेटा, लावणी, सिनेमामागून सिनेमे. आमच्या घरातली मोठी माणसं त्याबद्दल बोलताना दोन्ही बोलायची, आधी किती आवडायचं आणि नंतर किती नकोसं झालं. नंतर विनोदी सिनेमांची लाट आली तिचंही तसंच. स्टीव्हन स्पीलबर्गने २०१५ मधेच म्हणून ठेवलेलं की सुपरहिरोंचे सिनेमे पण एक दिवस वेस्टर्नच्या, म्हणजे काउबॉयच्या सिनेमांच्या वाटेनं जातील. लाटेतले चांगले सिनेमे मात्र राहतात, लोक ते पुन्हा पुन्हा बघतात.

एवढं सिनेमाचं झालं. आता भावाचं, आणि तिथं मला तुला जरा थांबवायचंय.

तू लिहिलंस "मी फक्त सिनेमाबद्दल बोललो होतो, त्याने मनावर का घेतलं". कुणाच्या समोर बोललास ते आठव. भावंडांचा ग्रुप, त्यात कोण कोण आहे, पुण्याला पॅकेजवाला, पोलीस भरती झालेला, लग्न झालेल्या बहिणी. त्याच ग्रुपवर तुझ्या भावाला दर सणाला कुणी ना कुणी विचारत असेल, मग काय, लागलास का कुठं? तो २३ वर्षांचा आहे, डिग्री हातात आहे, नोकरी नाही, रूमचं भाडं बहुतेक तूच देतोस. अशा पोराला त्या सगळ्यांसमोर त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाने म्हणलं की हे पोरासोरांचं खेळणं आहे. तुला ते वाक्य मार्वलबद्दल वाटलं. त्याला ते स्वतःबद्दल वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे ते खेळणं त्याच्या हातात तूच दिलेलंस ना, नऊ वर्षांचा असताना. तो सिनेमासाठी भांडायला नाही गेला, तो नुसता ग्रुप सोडून गेला, हे बघ. ज्याला सिनेमाचा राग आलेला असतो तो तिथंच शंभर मेसेज टाकून वाद घालतो.

म्हणून डिसेंबरचं काय करायचं हे नंतर, आधी ते वाक्य निस्तर. सिनेमाबद्दलचं मत मागं घेऊ नको, ते खोटं होईल आणि त्याला कळेल. पण "पोरासोरांचं" हा शब्द मागं घे. फोनवर सांग, मेसेजवर नको, आणि लांबण लावू नको, असं काहीतरी की "मला कंटाळा आला होता, तो माझा होता, मी तुला सगळ्यांसमोर लहान केलं ते चुकलं." तो म्हणेल काही नाही रे दादा सोड. तरी तुझं बोलून झालेलं पाहिजे. आणि मग जमलं तर ग्रुपवर पण एक ओळ टाक, कारण अपमान जिथं झाला तिथंच थोडा तरी धुतला गेला पाहिजे. तो ग्रुपवर नसला तरी कुणीतरी त्याला स्क्रीनशॉट पाठवतंच, आपल्याकडच्या भावंडांचा मला चांगला अनुभव आहे.

मत कसं द्यावं याचा एक चांगला नमुना सांगते. २०१९ मधे मार्टिन स्कॉर्सेसी हे मोठे दिग्दर्शक म्हणाले की मार्वलचे सिनेमे म्हणजे सिनेमा नव्हे, ते थीम पार्कसारखे आहेत, आणि जगभर गदारोळ झाला. मग त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून आपलं म्हणणं मांडलं, मत बदललं नाही, पण हेही लिहिलं की मी आज तरुण असतो, या काळात वाढलो असतो, तर कदाचित मलाही हे सिनेमे आवडले असते. म्हणजे आपलं मत आपल्या जागेवर उभं राहून सांगितलं आणि समोरच्याला त्याची जागा ठेवली. हे तुला जमण्यासारखं आहे. "बकवास आहे" च्या जागी "मी कुठं उठलो ते सांगतो" असं म्हणून बघ, "साठव्या मिनिटाला माझं लक्ष गेलं, कारण मला माहीत होतं की हा मरणार नाही". याच्यावर भाऊ भांडू पण शकतो, हसू पण शकतो, बोलणं चालू राहतं. सिनेमा सुटल्यावर तासभर मत द्यायचंच नाही असा नियम आमच्या घरात आहे. आधी चहा घ्यायचा, आणि आधी समोरच्याला विचारायचं की तुला कोणता सीन आवडला.

आता तुझा मोठा प्रश्न. आवडल्यासारखं करून जायचं का? मला नाही पटत, आणि खोटेपणा वाईट वगैरे म्हणून नाही. साधी गोष्ट आहे, त्याने तुला झोपलेलं बघितलंय. तो १४ वर्षं तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसतोय, तुझं हसणं कुठलं आणि खोकला कुठला त्याला अंधारात कळतं. तू नाटक करशील, त्याला ते दिसेल, मग तो तुझ्यासाठी नाटक करेल की त्याला दिसलं नाही.

मग स्पष्ट सांगून मोकळं व्हायचं? हा पर्याय वाईट नाही, काही जणांसाठी हाच बरोबर असतो. एका ताईने मला मागं लिहिलं होतं की आईबरोबर संध्याकाळच्या सगळ्या सिरियल बघून बघून डोकं दुखतं, तिने सरळ सांगितलं आणि त्या वेळात आईला घेऊन चालायला जायला लागली, चांगलं झालं. पण तिच्याकडं चालायला जायचं होतं. तुमच्याकडं काय आहे? तू स्वतः लिहिलंस की बोलायला विषय एकच. तो एक विषय काढून घेतला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही तर "जेवलास का" वरच राहाल. म्हणून नुसतं नाही म्हणून मोकळं होऊ नको.

आणि अजून एक विचारते, तू कधी त्याला विचारलंयस का की त्याला तरी अजून तेवढं आवडतं का? तू गृहीत धरलंयस की तो आहे तसाच वेडा आहे. तो पण एंडगेमच्या वेळचा १६ चा राहिलेला नाही. मी अशी घरं बघितलीत की बाप पोरासाठी आयपीएल बघतो आणि पोरगं बापासाठी, आणि टीव्हीवर काय चाललंय याच्याकडं दोघांचं लक्ष नसतं. तुमचं तसं असेलच असं नाही. पण विचारल्याशिवाय कसं कळणार.

माझ्या मामाची गोष्ट सांगते, मग मी काय सुचवते ते कळेल. माजलगावला मामा जिनिंगवर कामाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाच-सहा भाचरं जमायचो आणि तो आम्हाला तंबूतल्या टॉकीजला न्यायचा. खाली वाळू, पुढं पडदा, मधे रीळ बदलायला थांबायचं. मामा दिवसभर कापसाच्या धुळीत काम करून आलेला असायचा, तो अर्ध्या तासात झोपायचा, बसल्या बसल्या, मान खाली. आम्ही त्याला उठवत नव्हतो. पण परत येताना अंधारात चालत यायचं असायचं आणि तो म्हणायचा, हां, सांगा आता काय झालं. मग आम्ही सगळे एकदम, एक जण हाणामारी करून दाखवतोय, एक जण गाणं म्हणतोय, एक जण म्हणतोय थांब थांब ते आधी झालं, आणि मामा मधेच विचारायचा, "मग त्या हिरोईनच्या बापाचं काय झालं?" ते कुणालाच आठवायचं नाही आणि त्याच्यावरून घर येईपर्यंत भांडण. मला त्यातला एक सिनेमा धड आठवत नाही. ती वाट आठवते, आणि मामाचा आवाज. त्याला सिनेमात रस नव्हता हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला काय दिसलं याच्यात त्याला रस होता.

तर माझं म्हणणं असं. मधल्या सगळ्या सुटलेल्या सिरीज बघून बॅकलॉग काढायचा जो विचार तू करतोयस (पत्रात लिहिलंयस की यादी काढली आहे), ती यादी फाडून टाक. त्याच्या जागी भावाला सांग की मला काय काय झालं ते तू सांग. लोकी सिरीजचे दोन सीझन आहेत, त्याला म्हण दहा मिनिटांत सांग. तू त्याला २०१२ मधे थॉर कोण आणि लोकी कोण हे सायकलवर डबलसीट नेताना समजावलेलंस, आता उलटं होऊ दे. ज्या पोराला सध्या सगळेजण फक्त विचारतायत की नोकरीचं काय, त्याला कुणीतरी विचारेल की मला समजावून सांग, हे त्याच्यासाठी किती मोठं असेल याचा विचार कर. आणि तो सांगत असताना फोन स्पीकरवर ठेवून रिटर्न भरत बसू नको, त्याला कीबोर्ड ऐकू येतो.

दुसरं, नियम बदला. दरवेळचा प्रत्येक सिनेमा नाही. वर्षाला दोन, एक त्याच्या पसंतीचा आणि एक तुझ्या. तुझ्या पसंतीचा म्हणजे लगेच जड काहीतरी घेऊन त्याला शिकवायला जाऊ नको, ते पण एक प्रकारचं मोठेपण गाजवणंच आहे. सुपरहिरोच बघायचा तर मिन्नल मुरली बघा, २०२१ चा मल्याळम आहे, मोबाईलवर पण बघता येतो. केरळातल्या एका गावातला शिंपी, त्याच्यावर वीज पडते, आणि त्याच रात्री गावातल्या अजून एका माणसावर पण पडते, ज्याच्याशी गाव कायम वाईट वागलंय. शक्ती दोघांना सारखीच, पुढं काय होतं ते गावाने कुणाला कसं वागवलं त्याच्यावर. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात घडेल अशी गोष्ट आहे, त्याला शहर वाचवायचं नाही, आपलं गाव वाचवायचंय. नाहीतर २०२५ चा सुपरबॉइज ऑफ मालेगाव, तो सुपरहिरोंचा नाही तर सुपरहिरोचा सिनेमा बनवायला निघालेल्या आपल्याच महाराष्ट्रातल्या पोरांचा आहे, खऱ्या माणसांवर बेतलेला. मालेगावच्या सुपरमॅनचं काम करणारा शफीक हा यंत्रमागावरचा हडकुळा कामगार होता आणि पुढं तो कॅन्सरने गेला, तो काही पलीकडच्या विश्वातून परत येत नाही. दोघं मिळून बघा. मी दोनदा बघितला, दुसऱ्यांदा जास्त रडले.

आणि मधेच एक गोष्ट, तुझ्यासाठी नाही, तुझं पत्र वाचून ज्यांना आपलंच वाटेल त्यांच्यासाठी. तू लिहिलंयस की क्रिकेट बघतो, मित्रांबरोबर टपरीवर बसतो, झोप लागते, म्हणून मी तुझ्या कंटाळ्याला कंटाळाच म्हणते. पण कुणाला सिनेमाच काय, जेवण, माणसं, सकाळी उठणं, सगळंच दोन-तीन आठवडे बेचव झालं असेल तर ते सिनेमाच्या डोक्यावर फोडू नका. डॉक्टरशी बोला, किंवा १४४१६ ला फोन करा, ती सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

"नाद मीच लावला" या ओझ्याचं पण बोलते. नाद तू लावलास पण तो चालवला त्याने. १४ वर्षं कुणी दुसऱ्याच्या नादावर काढत नाही. त्याचे स्वतःचे मित्र असतील या नादातले, त्याची स्वतःची मतं असतील जी तू अजून ऐकलेली नाहीस कारण बोलायचास जास्त तू. तू बाजूला झालास म्हणून त्याचं काही कोसळत नाही, तेवढा विश्वास त्याच्यावर ठेव.

डिसेंबरचं मी असं करेन. १८ ला शुक्रवार आहे. पहिल्या दिवसाचा पहिला शो त्याला त्याच्या मित्रांबरोबर बघू दे, शिट्ट्या, आरडाओरडा, टी-शर्ट, सगळं, तिथं तू जांभई देत बसण्यात दोघांचाही तोटा. आणि त्याला आत्ताच विचारून ठेव की रविवारी माझ्याबरोबर दुसऱ्यांदा बघशील का. दुसऱ्यांदा बघणारा माणूस वेगळा असतो, त्याला घाई नसते, तो पडद्याकडं कमी आणि शेजारच्याकडं जास्त बघतो, की आता हा सीन येतोय, याला कसा वाटतोय. तुला झोप आली तर झोप, आधीच सांगून झोप. तो हो म्हणाला तर शनिवारी ऑफिस सुटल्यावर रात्रीची ट्रॅव्हल्स धर, रविवार आख्खा हातात ठेव, परतीचं तिकीट रात्री उशिराचं काढ, म्हणजे सिनेमा सुटल्यावर बसस्टँडपर्यंत चालत जायला आणि मधे कुठंतरी चहाला थांबायला वेळ मिळेल.

नाही म्हणाला तरी रविवारी जा. सिनेमा न बघता जा, त्याच्या रूमवर जा, खिचडी टाका. आईला सांगून शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून ने.

फोन मात्र डिसेंबरपर्यंत थांबवू नको, तो आज कर. साडेनऊनंतर कर, तेव्हा मेसवरून जेवून आलेला असेल. आणि लोकीचं तू विसरलायस असं नको म्हणू, बघितलंच नाही असं खरं सांग.